हळदीत लावलेली कॅसेट

नानांची गाणी जळगाव-धुळ्याकडच्या लग्नांत हमखास वाजत. नाना स्वतः मात्र कधी गुणगुणतही नसत. पिंप्राळ्यात ते आमच्या शेजारी राहायचे. कामावरून आले की ओट्यावर बसून वरातीची अहिराणी गाणी लिहायचे आणि ती गाऊन भलतेच लोक नावारूपाला यायचे. कुणी गायचा आग्रह केला तर म्हणत, “आपलं काम लिखानं शे, गानं नही.”

नानी गेल्या आणि वरातीची गाणी थांबली. वर्षभरानं नानांनी कॅसेट काढली. दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट: एका बाईचं आयुष्य, हळदीपासून सरणापर्यंत. इंदूरहून आठ व्हायोलिनवाले आणले. आमच्याकडे कॅसेट म्हणजे नाचायची वस्तू. आम्ही विचारलं, ढोल कुठाय? आणि गायले चक्क नाना. का, तर म्हणाले, “दुसरा कोनी गाई तं ती परकी व्हई जाई.”

पहिलं गाणं हळदीचं, म्हणून दुकानदारांनी ती लग्नाच्या कॅसेटांत मांडली. माझ्या बहिणीच्या हळदीला मीही तीच लावली, नानांना बरं वाटावं म्हणून. पहिल्या गाण्यावर बाया नाचल्या. मी बाजू बदलली आणि भोंग्यातून त्या बाईचं आजारपण सुरू झालं. आत्या हळदीच्या हातांनी धावत आली. “बंद कर ते. हळदना घरमा मरण?”

मी बटण दाबलं. मांडवात बसलेल्या नानांनी आत्याला हात जोडले, चूक माझीच म्हणाले आणि न जेवता गेले. ते माझ्या मनातून अजून जात नाही. कॅसेट अपशकुनी ठरली. दुकानदारांनी उरलेल्यांवर नाचाची गाणी भरली. नानांनी पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

ते वारल्यावर मी त्यांच्या मुलीला, सुमनला भेटायला गेलो. तिनं कपाटातून कॅसेट काढून लावली. बाजू उलटताना तिचा हात थांबला.

“इथून पुढं मी कधी ऐकलंच नाही. बाबांच्या तोंडून आईचं मरण ऐकवेना. ते विचारायचे, ‘बठ्ठं आयकं का?’ मी हो, सगळं ऐकलं म्हणायचे.”

आम्ही दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली. सुमन रडत होती. मला तिच्याकडे बघवेना. बहिणीच्या हळदीआधी एकदा बसस्टँडवर नानांनी मलाही तेच विचारलं होतं. मीही हो म्हणालो होतो, आणि त्यांनी खूश होऊन मला चहा पाजला होता.