वसंताने धरलेली छत्री

"अहो, हार त्यांना नाही, ह्यांना!" वसंताची बायको, आमच्या नलूवहिनी, अशा ओरडल्या की डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हाय गावातल्या समस्त कुत्र्यांनी भुंकणं थांबवलं. वसंताच्या घरी त्याच्या शोकसभेला जमलेले आम्ही वळून बघतो तर काय, हॉलमधल्या मोठ्या फ्रेमला झेंडूचा टपोरा हार, समोर समई, उदबत्ती... आणि फ्रेममध्ये वसंता नाहीच! काळा सूट, उंचावलेला हात, काळ्यांच्या हक्कांसाठी सभा गाजवणारा एक काळा पाद्री, रेव्हरंड. महाराष्ट्र मंडळाच्या नव्या सेक्रेटरीला "हॉलमधल्या फोटोला हार घाल" एवढंच सांगितलं होतं. त्या पुणेकर आयटीवाल्याने वसंताला कधी पाहिलेलंच नव्हतं. एवढ्या मानाने लावलेला फोटो गेलेल्या माणसाचाच असणार, असं तो धरून चालला. खऱ्या वसंताचा फोटो चहाच्या थर्मासमागे उभा होता.

महिना होऊन गेला, पण खरं सांगतो, त्या चुकीचं मला फार बरं वाटलं. वसंताने जन्मभर दुसऱ्यांचे हार आपल्या गळ्यात घालून घेतले. एकदा उलटं झालं.

तो फोटो म्हणजे वसंताचं संस्थान. डेट्रॉइटच्या एका वर्तमानपत्राने जुने फोटो विकायला काढले तेव्हा त्याने तो उचलला. कडेला संपादकाने मारलेल्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा, मागे मजकुराचा पिवळा कागद. त्यात रेव्हरंडचं नाव आहे, वसंताचं नाही, कारण वसंता फोटोत मनगटापुरताच आहे. डाव्या कडेला दांडा धरलेली मूठ, वर अर्धी छत्री. करंगळी वाकडी, वसंताची होती तशी. विद्यार्थी असताना भर पावसातल्या सभेत म्हणे ह्याने रेव्हरंडवर छत्री धरली होती. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहा मिनिटं धरली होती. पुढच्या दिवाळीत तीन तास झाले. माझ्या साठीपर्यंत वादळ आलं, घोडेस्वार पोलीस आले, आणि अश्रुधुरातही ह्या पठ्ठ्याची छत्री हलली नाही! थापा मीही मारतो. इथल्या तळ्यात मी म्हशीएवढा मासा पकडलेला आहे. पण माझा मासा कुणाला उपदेश करत नाही. वसंता करायचा. श्रीखंडाच्या वाट्या यायच्या आत समतेवर प्रवचन सुरू. "तुम्ही लोक जात सामानात भरून विमानात बसलात रे!" हे तो मला ऐकवायचा, मीच नेलेल्या पुरणपोळ्या खात.

आणि मग केतकीने, त्याच्या एकुलत्या एका मुलीने, जेरोमला घरी आणायचं म्हटलं. जेरोम शाळेत गणित शिकवतो आणि तो काळा आहे. ह्याच फोटोखाली सोफ्यावर बसून वसंता म्हणाला, "घरात नको. मंडळातले लोक काय म्हणतील?" मी मंडळातलाच, समोर बसलेलो.

"वसंता, वर बघ. रेव्हरंड ऐकतोय."

"तो विषय वेगळा आहे."

लग्नाला गेला नाही. नातीचं तोंड पाहिलं नाही. केतकी बेल वाजवून दारातून परत गेलेली मी ह्या डोळ्यांनी पाहिली आहे... तो गेला म्हणून माझा राग गेलेला नाही.

सभेला केतकी आली, जेरोमला घेऊन. त्या उंबऱ्याच्या आत त्याचं पहिलंच पाऊल. लोक पांगल्यावर नलूवहिनींनी हार ओढून काढला, फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली.

"घेऊन जा, नाहीतर कचऱ्यात टाकते. ह्याच्याखाली बसून त्यांनी तुला नाही म्हटलं. आणि मी तेव्हा चहा करत होते."

मला राहवेना. इतकी वर्षं त्या माणसाला शिव्या घातल्या, पण पोरीच्या हाती बापाचं काहीतरी बरं लागावं असं वाटलंच. "घे गं," मी म्हटलं. "घोडे, अश्रुधूर सगळं सोड. पण त्या दिवशी तरी तो कुणासाठी पावसात उभा राहिला. तेवढं एक खरं आहे."

तिने काचेवरच्या झेंडूच्या पाकळ्या ओढणीने पुसल्या. जेरोमही वाकून बघायला लागला. हजार वेळा पाहिलेला तो फोटो. आम्ही सगळे आपले रेव्हरंडच्या तोंडाकडे बघायचो, नाहीतर त्या मुठीकडे. तिचं बोट मुठीवरून वर छत्रीच्या काठाकडे गेलं.

"हात बाबांचाच आहे, काका," ती म्हणाली. "पण रेव्हरंड भिजलेत. छत्री बाबांवर आहे."