ताईचा इंटरव्ह्यू आणि आमच्या घरचं वायफाय

केळीच्या घडात एक केळं पिकलं, की बाजूची पण पिकायला लागतात. आमच्या घरातल्या किस्स्यांचं सेम तसंच. एक सांगायला बसलो की दुसरा आपोआप पिवळा! पण त्या चार दिवसांत जेवढे पिकले ना, तेवढे अख्ख्या वर्षात नाही पिकले. आणि खरं सांगू? तेव्हा कोणी हसत नव्हतं. माझी तर पूर्ण फाटली होती.

मॅटर असं, की रूपालीताईचा नोकरीचा इंटरव्ह्यू होता. ऑनलाइन. कंपनी इंदूरची. पहिल्या वेळेस तिने मोबाईलवरून दिला, तर अर्ध्यातच नेट गेलं. मग लई हातापाया पडून दुसरा टाइम घेतला. साहेब बोलले, "लास्ट चान्स है. लॅपटॉप से बैठना. इस बार कटा, तो समझो कटा."

गुरुवार, सकाळी अकरा. ताईने मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला. आता तो घरच्या वायफायला जोडायचा, बस. दोन मिनिटांचं काम!

फक्त वायफायचा पासवर्ड मी ठेवलेला होता.

*

सोमवार. ताई लॅपटॉप उघडून बसली. बाजूला पप्पा चहा पीत होते.

"बंट्या, पासवर्ड सांग."

"दे ना, मी टाकतो."

"हात नको लावू! दुसऱ्याचा आहे. तू बोल, मी टाकते."

मी तिच्या कानाजवळ गेलो. पप्पा बोलले, "घरातल्या घरात कानात काय बोलतो रे? जोरात बोल, मलाही कळू दे."

मला घाम! पासवर्ड होता 'टकलू पप्पा', पुढे एक दोन तीन. पप्पांच्या डोक्यावर केस किती, ते मी नाही सांगत, तुम्ही समजून घ्या.

"बोलतो का देऊ एक?"

बोललो. एक दोन तीनसकट बोललो.

पप्पांनी कप खाली ठेवला. डोक्यावरून हात फिरवला. ताई मान खाली घालून टाइप करत होती. 

"लागलं का नेट?" पप्पांनी विचारलं.

"लागलं, पप्पा."

"मग आता चप्पल दे."

*

मार खाऊन झाल्यावर पप्पांनी पासवर्ड बदलायला लावला. बदलला. पण कान इतका गरम होता, की काय ठेवला तेच डोक्यातून गेलं!

आता हे सांगायची हिंमत कोणात? मंगळवारी ताईने नवीन पासवर्ड मागितला, तर मी गुपचूप माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला. नाव दिलं 'घर फास्ट'. ताईला बोललो, "हे वालं पकड. नवीन आहे." पकडलं. तिकडून मैत्रीण प्रश्न विचारायची, इकडून ताई उत्तर द्यायची. प्रॅक्टिस एकदम मस्त चालली.

मग मी चौकात जलेबी खायला गेलो. मोबाईल खिशात. नेट माझ्या मागे मागे जलेबी खायला!

परत आलो, तर ताई वायर हलवून बघत होती. तेवढ्यात नेट आलं. मी पुन्हा गेलो, पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळेस आलो, तर ताई रडत होती. "असंच झालं गुरुवारी, तर?"

 तरी हॉटस्पॉटचं मी सांगितलं नाही.

आई दारात उभी होती. कधीची माझ्याकडेच बघत होती. बोलली, "हा बाहेर गेला की नेट जातं, आत आला की येतं. गुरुवारी याला खाटेला बांधा."

*

बुधवारी मी ठरवलं, की आता सुधारायचं. राउटरच्या मागे बारीक छेद असतो, त्याच्यात पिन घातली की नवा पासवर्ड गायब, जुना कंपनीवाला परत. घातली पिन. सगळे लाईट बंद! मग एकच लाल.

नेटवाल्याला फोन लावला. तो इच्छापुरला, देवीच्या दर्शनाच्या लाईनमध्ये. लाईनमधूनच त्याने सगळी सेटिंग सांगितली. शेवटी बोलला, "अब पासवर्ड डाल. नीचे स्टिकर पे लिखा है."

राउटर उलटा केला. स्टिकरवर कुंकू!

"आई, हे काय?"

"दसऱ्याला पूजा केली होती. मोटरच्या स्टार्टरला लावते, तर याला का नाही लावायचं? मशीनच ना तेही?"

मी ओला फडका उचलला. ताईने हात पकडला. "अक्षरं पण जातील, येड्या!"

मग तिने सुक्या कापसाने हळूहळू कुंकू काढलं. आठ आकड्यांतले सात दिसले. आठवा एकदम टिळ्याच्या खाली, पार पुसलेला. शून्यापासून टाकत बसलो. एक नाही. दोन नाही. ताईची नखं संपली. सातावर लॅपटॉप जोडला!

आई हात जोडून बोलली, "बघ, देवाने एकच झाकला. आठही झाकले असते, तर काय केलं असतं?"

*

गुरुवार, साडेदहा. लॅपटॉपवर वायफायचं निशाणच नाही. त्याच्या जागी विमान! ताईचे ओठ पांढरे पडले. "बंट्या, तू काय केलं?"

"आईशप्पथ, या वेळेस मी नाही!"

पप्पा गमचा झटकत आले. "मी पुसला. साहेबाला धूळ दिसली असती ना."

*

दहा पन्नास. पुसताना दबलेलं विमानाचं बटण ताईने परत दाबलं. साहेबांनी चेक करायला आधीच जोडलं; नेट आहे, पण चित्र अटकून अटकून. साहेबांचं तोंड उघडं, आवाज गायब. मग मध्येच आवाज आला, "ग्यारह बजे फिर जोड़िए. ऐसा ही रहा तो रहने देंगे."

तेव्हा काका आत आले. काका म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. आमची विहीर एक, वाटेकरी तीन. पाणी कोणाच्या केळीला किती वाजता, ते काकांच्या घड्याळावर. मिनिट इकडचं तिकडे नाही.

काका बोलले, "नेट एकच आहे का?"

"हो."

"आणि सगळे एकदम ओढता?"

"हो, काका."

"मग पाळी का नाही लावली, गध्यांनो?"

केळीचं रिकामं कॅरेट घेऊन निघाले. आईचा मोबाईल, पप्पांचा, माझे दोन. शेजारच्या भाभींना मी पासवर्ड दिलेला, त्यांचाही. सगळे बंद करून कॅरेटमध्ये टाकले. कॅरेट मांडीवर घेऊन दारात बसले. "अकरा ते साडेअकरा, रूपा. साडेअकरा ते बारा, मी. मला केळीचा भाव बघायचा आहे."

अकराला चित्र एकदम साफ! ताई बोलत होती. आम्ही भिंतीला चिकटून. एक प्रश्न, दुसरा, पाचवा. साडेअकरा झाले. साहेबांचे प्रश्न संपेनात.

काका उठले. पप्पांनी हात पकडला, तो सोडवला. सरळ कॅमेऱ्यासमोर!

"रूपा, टाइम झाला."

ताईचा चेहरा कागदासारखा. साहेब बोलले, "ये कौन हैं?"

काका वाकले. "नमस्ते साब. और लगेगा क्या? लगता होगा तो मेरी पाली में से दस मिनट देता हूँ. मगर फिर छोरी को लेना पड़ेगा."

साहेब हलेनात. मला वाटलं, अटकलं! पप्पांनी डोळे मिटले.

मग साहेबांनी चष्मा काढला. "काकाजी, पंद्रह दे दो."

काकांनी घड्याळ बघितलं.

"दिया!"