कसाई शेवटच्या रांगेत

तिकीट लावून, दिवे झगमगवून होणाऱ्या कुस्तीच्या खेळात त्यानं सव्वीस वर्षं खलनायकाचं काम केलं. लोक त्याला अजून ‘कसाई’ म्हणत. प्रत्यक्षात बोटाला सुई टोचली तरी त्याला घेरी यायची. रिंगमध्ये त्यानं दुसऱ्यांच्या पाठीवर इतक्या खुर्च्या मोडल्या होत्या, की निवृत्तीनंतर खुर्चीदुरुस्तीचं दुकान काढणं ओघानंच आलं. दुकानात सरसाचा वास, भिंतीवर लाकूड आवळायचे शिकंजे, आणि मधोमध चौथ्या पायाची वाट बघत तीन पायांवर तोललेली एखादी खुर्ची. तिथं बसून तो दोन गोष्टींना मनापासून नाक मुरडी: एक प्लायवुड, दुसरा जावई.

जावई व्हायोलिन वाजवायचा. वाईट वाजवत नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट वाजवणाऱ्याला निदान लोकांचा धाक असतो. याला लोकांची अडचण वाटे. स्टेजवर आला की तो आणि त्याचे तीन साथीदार प्रेक्षकांकडे पाठ करून अकरा मिनिटं सूर जुळवत. अकरा, कारण कसायानं घड्याळ लावून मोजली होती. मग जावई माइकपाशी येऊन स्वतःच्या बुटांना उद्देशून काहीतरी पुटपुटे, डोळे मिटे, आणि मध्यंतर झालं की उघडे. तोवर अर्धे लोक घरी पोचून हातपाय धूत असत.

“श्रोते अजून तयार नाहीत,” तो जेवताना म्हणे.

“मग कच्च्या आंब्यांसारखे पाल्यात झाकून ठेवा,” कसाई म्हणे आणि भात ओढून घेई.

पण यंदा प्रकरण गळ्याशी आलं होतं. सभागृहाच्या व्यवस्थापकानं साफ सांगितलं होतं: या शुक्रवारी मध्यंतरानंतर निम्म्या तरी खुर्च्या भरलेल्या दिसल्या नाहीत, तर शुक्रवारची संध्याकाळ नृत्यवर्गाला जाईल. दुसरं कुठलंही सभागृह या चौघांना दारात उभं करत नव्हतं. बासरीवाल्यानं तर औषधांच्या दुकानात नोकरीचा अर्जही टाकून ठेवला होता.

मुलगी दुकानात आली, एका लंगड्या स्टुलावर जपून बसली.

“बाबा, यांना काहीतरी सांगा ना.”

“मी काय सांगणार? मी अडाणी. लोकांना खुर्च्या मारायचो.”

“पण एक माणूस उठून जात नव्हता.”

मुलीनं दुसऱ्या दिवशी नवऱ्याला पाठवलं. तो दात काढून घ्यायला आल्यासारखा चेहरा करून, वही उघडून बसला.

“बाबा, ते सगळं आधी ठरलेलं असतं ना?”

“कोण म्हणालं?” कसायानं विचारलं.

हा त्या धंद्याचा नियम होता. निकाल कोणाच्या बाजूनं, कोण कधी पडणार, हे फक्त धंद्यातल्यांत बोलायचं, तेही दार लावून. एकदा रिंगमध्ये त्याचा पाय ‘मोडला’, तेव्हा धडधाकट पायाला प्लास्टर घालून तो तीन आठवडे घरात लंगडला होता. बायको बिचारी रोज त्या पायाखाली उशी सरकवायची. ती जाईपर्यंत तिला खरं कळलं नाही.

“हे बघा जावईबापू,” तो म्हणाला, “शेवटच्या रांगेत एक म्हातारी असते. तिला दिसलं, तर सगळ्यांना दिसलं.”

“संगीत ऐकायचं असतं, बाबा.”

“मग ती घरी रेडिओ लावेल. दुसरं. लोक पैसे मोजून येतात ते कुणाची तरी बाजू घ्यायला. तुमच्याकडे बघून तुम्हाला काही हवंय असं वाटतच नाही. मग बाजू घ्यायची कशाची?”

जावयानं वहीत एकच शब्द लिहिला: ‘दिसणं’. खाली रेघ मारली. आणि जाऊन धुराचं यंत्र भाड्यानं आणलं, शिवाय जमिनीवर लोळणारा काळा झगा शिवून घेतला. शिकलेल्या माणसाला गुपित सांगितलं, की तो आधी त्याचं सामान विकत घेतो.

शुक्रवारी धूर निघाला तो थेट बासरीवाल्याच्या नाकात. जिथं त्याची फुंकर यायची, तिथं खोकला येऊ लागला. झग्याची कड माइकच्या स्टँडखाली अडकली, ती सोडवायला ड्रमवाला उठला. जावयाचे डोळे अर्थातच मिटलेले. मध्यंतराला वीस मिनिटं होती, आणि धुराचा आडोसा घेऊन लोक पिशव्या उचलून निसटू लागले होते.

कसाई शेवटच्या रांगेत उभा राहिला. आवाज बेंबीच्या देठापासून काढला, रिंगमध्ये काढायचा तसा.

“अहो व्हायोलिनवाले, थांबवा ते. माझ्या दुकानातली करवत याच्यापेक्षा सुरात आहे.”

निघालेले लोक होते तिथं थबकले.

“आजोबा, खाली बसा,” कुणीतरी म्हणालं.

“का म्हणून? दम असेल तर इकडे बघून वाजवा म्हणावं. डोळे मिटून काय, झोपलाय का तो?”

त्याच्या लगेच पुढच्या रांगेतली एक म्हातारी, जी पाच मिनिटांपूर्वी तोंडभर जांभया देत होती, वळली आणि तिनं पर्स त्याच्या दंडावर हाणली. “लाज नाही वाटत? पोरगं इतकं जीव तोडून वाजवतंय.”

चार-सहा जणांनी तिची री ओढली. पिशव्या खाली ठेवल्या गेल्या.

जावयानं डोळे उघडले होते. कान लाल झाले होते. त्यानं झगा खांद्यावरून ओरबाडून टाकला, धुरातून बाहेर येऊन स्टेजच्या कडेला उभा राहिला, आणि शेवटच्या रांगेवर नजर रोखून वाजवू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला तरी काहीतरी ऐकवत होता.

कसायानं आधी कानात बोटं घातली. मग एक काढलं. हरताना घाई करायची नसते. दुसरं काढलं, खांदे पाडले, आणि शेवटचा सूर लागता लागता मुकाट खाली बसला. सभागृहानं जो जल्लोष केला, तो संगीताला किती आणि म्हातारा बसल्याबद्दल किती, हे न विचारलेलं बरं. तो मागच्या दारानं निघून गेला. खलनायकानं पुढच्या दारानं जायचं नसतं. मध्यंतरानंतर त्याची सोडून एकही खुर्ची रिकामी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई दुकानात येऊन उभाच राहिला.

“चारचौघांत अपमान केलात माझा.”

“केला.”

“बायको दोघांच्याही बाजूनं रडतेय.”

कसाई शिकंजा आवळत राहिला.

“शुक्रवार मिळाले,” जावई भिंतीकडे बघत म्हणाला. “सहा महिने. पण व्यवस्थापक म्हणतो…” तो अडला. “म्हणतो, लोक विचारून गेलेत. तो म्हातारा पुन्हा येणार का म्हणून.”

कसाई उठला. दुकानाचं दार लावलं, कडी घातली, आणि आवाज खाली आणला.

“कितव्या धुनेला उठू?”

जावयानं एकदा कडीकडे पाहिलं. मग खाली बसला आणि खिशातून वही काढली.

“ती आधी ठेवा आत,” कसाई म्हणाला. “आपल्यात लिहून ठेवत नाहीत.”