पोरीला पास करायच्या नादात

"बाई, गुडघ्यातली गादी संपली. हाडावर हाड घासतंय," डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले. आजाराचं नाव ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे सांध्याची झीज. गुडघा बदलण्यावाचून दुसरा उपाय उरला नव्हता.

मी कवठे महांकाळची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. जन्मभर फळ्यापुढे उभी राहिले त्याचं हे बक्षीस! आधी चिडले, मग घाबरले. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन आम्ही करू, गुडघा तुम्हाला वाकवायचाय. सुरुवातीलाच वाकवला नाहीत, तर आखडून बसेल." कुणाचा हात न धरता बाजारात जायचं, एवढंच माझं मागणं होतं.

सांगलीच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टर कॉटशेजारी येऊन बसली. मूळची वाईची, भूलशास्त्रात एम.डी. करणारी. तिचं संशोधन चालू होतं, ॲडक्टर कॅनाल ब्लॉकवर. म्हणजे मांडीतल्या नसेजवळ औषध सोडून गुडघ्याचं दुखणं दाबायचं, पायातली ताकद मात्र जाऊ द्यायची नाही. काहींना औषध एकदाच टोचणार, काहींना बारीक नळीतून देत राहणार. कुणाला काय, ते चिठ्ठीवर ठरणार.

"मावशी, पटलं तरच हो म्हणा. नको म्हणालात तरी उपचारात काही कमी होणार नाही," ती म्हणाली. मी सही केली. खरं सांगायचं तर मला ती पोरच आवडली होती. माझ्या वाट्याला एकदाच टोचणं आलं.

ऑपरेशन झालं. बधिरपणा होता तोवर मी मजेत होते. तो ओसरला आणि दुखण्याने अशी उचल खाल्ली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

ती येऊन विचारायची, "शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आत्ता किती, मावशी?"

"तीन," मी म्हणायचे.

माझ्यातली शाळामास्तरीण इथे आडवी आली. माझ्या लेखी तो तिच्या औषधाचा पेपर होता. मी आठ म्हटलं की पोरगी नापास! चहा प्यायला सवड नसलेल्या, मावशी-मावशी करणाऱ्या पोरीला मी कशी पाडू? अर्ध्या मार्काला अडलेली किती मुलं मी शेवटच्या उत्तरात मार्क शोधून वर काढलीत. तोच सैल हात इथेही चालवला. ती "छान" म्हणून हसायची आणि मला बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम करून घेणारे, आले. त्यांनी गुडघा जरासा वाकवला आणि मी किंचाळले. पुन्हा वाकवला, पुन्हा तेच. "असं केलंत तर अवघड आहे," ते म्हणाले. तेवढ्यात ती डॉक्टर आली, आणि मी दात आवळून म्हणाले, "तीन."

आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, एरवी दवाखान्यात तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी उठून उभेच राहिले.

"कसलं तीन? आवं डाक्टरबाई, ही खोटं सांगतीय. लय दुखतंय तिला. कालधरनं माझा हात दाबून दाबून पार काळानिळा केलाय, आन् तुमी आलात की हसती!"

मी डोळे वटारले, पण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सगळं सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती स्टूल ओढून बसली.

"मावशी, मोठा आकडा सांगितला असतात तर वरचं जादा औषध लगेच दिलं असतं. तसं ठरलेलंच आहे. तुम्ही तीन म्हणालात, म्हणून दिलं नाही. आणि टोचलेलं औषध कमी पडलं, तरी माझा अभ्यास पूर्ण होतो. पण ते पुरतं असं खोटंच लिहिलं गेलं, तर पुढच्या बाईलाही तेवढंच मिळेल. मग तिनेही असंच किंचाळायचं का?"

मला फार लाज वाटली.

"आता सांगा."

"आठ," म्हणाले आणि मला रडू फुटलं.

शिरेतून औषध दिलं. संध्याकाळी गुडघा वाकला. पुरता नाही, पण फिजिओथेरपिस्टनी मान डोलावली. माझे आधीचे आकडे तिने खोडले नाहीत. घडलेला प्रकार त्या आकड्यांशेजारी लिहिला आणि तिच्या सरांना जाऊन सांगितलं.

पुढे तपासणीला गेले ती माझी मी चालत. ती भेटली तेव्हा विचारलं, "काय गं, तुझं औषध पास झालं का?"

"अजून चालू आहे, मावशी. काय निघेल ते मलाही माहीत नाही."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर तसं लिहीन."

तुमच्यावर अशी वेळ आली, तर डॉक्टरांचं मन राखायला जाऊ नका, किती दुखतंय ते खरं सांगा. मी संसार केला, नोकरी केली, बाळंतपणं काढली. बरी आहेस ना, असं सगळ्यांनी विचारलं, आणि मीही हो म्हणत आले. किती दुखतंय ते खरं सांग, म्हणून माझ्यापुढे बसून राहिलेली ही पहिलीच.