नाक्यावरची ओटी

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडले नाही. आमच्याकडे सासूबाईंचं सगळं 'आई' करून चालायचं, आई म्हणजे माहूरची रेणुकामाता. दूध उतू गेलं तरी आई, पाऊस लांबला तरी आईच. मीही तोंडानं म्हणायचे, पण ते पोटातून येत नव्हतं. माझी जन्मदाती मी रांगत असतानाच गेली, मागोमाग वडील गेले आणि चाकूरचं माहेर मिटलं. ज्या हाकेला कधी ओ आली नाही, ती मूर्तीला कशी घालायची, हे मला उमजत नसे.

निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. यजमान विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते. वैद्यांनी हात टेकले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू जा. आईपुढं पदर पसर." आमचं गाव वऱ्हाडात, पैनगंगेच्या अलीकडे, माहूर पलीकडे, निजामाच्या संस्थानात. नदी तीच, उतारही तोच, पण इंग्रज गेल्यापासून पलीकडचा मुलूख परका झाला होता. पूर्वी नाक्यावर मालाची झडती व्हायची, आता माणसांनाही परवाना लागू लागला. तो मिळेपर्यंत थांबायला यजमानांपाशी वेळ नव्हता. म्हणून मी तशीच निघाले.

आमचे गाडीवान नामाकाका यांना शिपायांनी काठावरूनच परत पिटाळलं. मी एकटी पाण्यातून पलीकडे गेले. नाक्यावरच्या जमादारानं विचारलं, "किसके पास जाना है?"

"आईकडे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे माहूरला निघालेलं माणूस हेच सांगतं.

"अम्मा? माहूर में?"

"हाव."

तो दूरच्या प्रांतातून नवाच आलेला, आमची 'आई' कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. माहेरवाशिणीला परवान्याची अट नव्हती. परतताना मात्र आईनं नाक्यावर येऊन लेक ओळखायची. हे त्यानं मला सांगितलंही म्हणे. त्याची बोली भरभर आणि माझे डोळे गडाकडे. मला वाटलं, देवीचं नाव ऐकून बिचाऱ्यानं सोडलं!

गड चढले, ओटी वाहिली आणि गाभाऱ्यासमोर मोठ्यानं रडले. मनात मात्र काहीच हललं नाही. दगडाला डोकं टेकल्यासारखंच वाटलं आणि स्वतःचीच चीड आली. दुसऱ्या दिवशी परत नाक्यावर आले.

"अम्मा कहाँ है?" जमादारानं विचारलं.

मी गडाकडे बोट केलं. "ती काय, वर."

"कौनसा घर?"

"देऊळ."

त्याला उलगडा झाला आणि त्याचा चेहराच फिरला. सरकारशी खोटं बोलून गैरमुल्की, म्हणजे परमुलखातली, बाई आत शिरली, तिला जिल्ह्याच्या ठाण्यात पाठवा, असा त्यानं हुकूम सोडला. संस्थानातल्याच चाकूरच्या मातीत जन्मलेली मी, त्या मुलखात गैरमुल्की! आणि खोटं? मी खोटं बोलले नव्हते. पण खरं बोलले होते का, हेही मला सांगता येईना. पलीकडच्या काठावर नामाकाका गाडी जुंपून उभे दिसत होते. तिकडे यजमान कोणत्या घटकेला असतील, हाही विचार पुरता करवेना, इतकी मी सुन्न झाले होते.

तेवढ्यात मागून कुणीतरी खेकसलं, "अगं ए पोरी! ओटी न भरताच निघालीस व्हय? लई शहाणी झालीस!"

वळून पाहते तो कपाळभर कुंकू लावलेली, धाप लागलेली म्हातारी. जन्मात पाहिलेली नव्हती. जमादारानं दरडावलं, "ये तुम्हारी बेटी है?"

"मंग काय तुमची हाय?" ती त्याच्याच अंगावर गेली. "सांगून जावं एवढी अक्कल न्हाई हिला. गडावरून पळत आले मी. पदर धर गं!"

मी पदर धरला. तिनं पसाभर तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला आणि कुटलेल्या विड्याचा तांबूल, गडावरचा प्रसाद, पानात बांधून दिला. "जावयाच्या जिभंला लाव." जमादार आम्हा दोघींकडे बघत राहिला आणि एकाएकी हसला. "डाँटती तो माँ ही है. जाओ!"

मी पाण्याकडे वळले, तर ती पुन्हा ओरडली, "जाते नको म्हणूस. येते म्हण."

"येते," मी म्हणाले, आणि पुढचं काही मला दिसेना. परतणाऱ्या लेकीची ओटी आई भरते, हे मी दुसऱ्यांच्या दारात उभं राहून पाहिलेलं. माझी आजवर कुणी भरली नव्हती.

यजमानांचा ताप पुढं उतरला. वैद्यांचं औषध चालूच होतं, तेव्हा त्यावर मी वाद घालत नाही. माझं रडणं ऐकून देवळातलीच कुणी मायाळू बाई मागं आली असेल, असं पुष्कळजण म्हणतात. असेलही. मला एवढंच कळतं की माझी सगळी हुशारी संपली, तोंडात शब्द उरला नाही, तेव्हा मला कुणीतरी 'माझी' म्हणालं. त्या दिवसापासून 'आई' हा शब्द पोटातून येतो.

पुढं संस्थान गेलं, नाका गेला. मी दरवर्षी गडावर जाते. यजमान विचारायचे, "त्या म्हातारीचा पत्ता काढलास का गं?" मी नाही काढला. आईचा पत्ता परके विचारतात.