काकींचा चोथा

आमच्या चुलतसासूबाईंनी, म्हणजे काकींनी, जन्मात दारूच्या थेंबाला बोट लावलं नाही, आणि तरी अख्ख्या पेण तालुक्यात बियरच्या कारखान्याचं त्यांच्याइतकं भलं कुणी केलं नसेल. मी वडखळजवळच्या एका लहानशा बियर कारखान्यात कामाला आहे. भरडलेले जव गरम पाण्यात भिजवून गोड रस काढून घेतला की मागे ढीगभर चोथा उरतो, आणि आपल्याकडच्या उकाड्यात तो दुसऱ्याच दिवशी असा आंबतो की शेजारपाजार नाक दाबून तक्रारीला येतो. चोथ्याची सोय लागली नाही तर कारखाना गुंडाळावा लागेल, असं मालक म्हणू लागले. मी घरी हे बोलले, तर काकींनी एवढंच विचारलं, "म्हशी खातील का गो?"

दुसऱ्या सकाळी त्या टेम्पो घेऊन हजर. बियरच्या टाक्यांकडे पाठ, तोंडावर पदर, जणू आत कुणी परपुरुष उभा आहे. बियर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही, 'तुजा ता' म्हणायच्या. चोथा मात्र मूठभर घेऊन हुंगायच्या, पिळून बघायच्या, आणि जरा आंबूस लागला की परत. एकदा मालकांनाच त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे पाहुण्याला शिळं वाढतात काय. घरी नेऊन तो गोणपाटावर निववायचा, पेंढ्यात कालवायचा आणि म्हशींचं खाऊन होईस्तोवर समोर बसायचं, हा त्यांचा नेम.

दूध वाढलं, तशी गावात कुजबुजही वाढली. काकींच्या दुधाला नशा आहे म्हणे. गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. दारू नंतर त्या रसाची होते, चोथ्यात तिचा मागमूस नसतो, हे मी दारोदार सांगून थकले. घरातलेच म्हणाले, सुनेनं ही नोकरी सोडावी. मीही मनाची तयारी केली होती. मग काकींची म्हैस व्याली, तेव्हा त्यांनी परातभर खरवस केला आणि सगळ्या आळीला बोलावलं. खरवसाला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ल्यावर काकी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आता घरी जाताना कोन डुलतंय, ता मी हितनं बगते."

त्या संध्याकाळी आमची आळी संचलनासारखी सरळ चालली. वर्षानुवर्षं लंगडणारे एक आजोबासुद्धा ताठ पावलं टाकत गेले. चार दिवसांत गिऱ्हाइकं परत आली, आणि माझ्या नोकरीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आता काकींचे गुडघे गेलेत. म्हशी विकल्या, एकच आटलेली म्हातारी दावणीला उरली आहे. चोथा रोह्याकडच्या एका गोठ्यात जातो. तरी काकी रिक्षा करून येतातच, एका घमेल्यासाठी. परवा मी म्हटलं, एवढा त्रास कशाला, संध्याकाळी मीच घरी घेऊन येत जाईन. कोमट चोथ्यात त्या बराच वेळ हात फिरवत राहिल्या.

"नको गो. मंग तुला कामावर कवा बगू मी?"

मी घमेलं भरायला घेतलं, जरा सावकाशच.