क्रोमची की काळी

“डिलक्स घे! अरं मर्दा, डिलक्स घे! जल्मात कदी टाकीत तोंड बघितलंयस का?”

मामा ओरडत होते. म्हणजे कुणी कुणावर रागावलं होतं असं नाही. आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत एका यंत्रमागाच्या कारखान्याच्या अंगणात उभे होतो, आत चोवीस माग खडाडत होते, आणि त्या पेठेत साधं ‘पाणी द्या’ म्हणायलाही घशाच्या शिरा ताणाव्या लागत. तिथली माणसं देवळातही ओरडून नवस बोलायची. देवाचेही कान बसले असणार. पण आमचे मामा करकंबचे. त्यांनी आपल्या शेतात उभं राहून बैलाला हाक मारली की शेजारच्या गावचे बैल मागं वळायचे. त्या दिवशी चोवीस माग त्यांच्यापुढं लाजले, हे मी शपथेवर सांगतो.

गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची. मी ऑइल इंजिनांचे सुटे भाग विकत जिल्हाभर फिरायचो. एसटीच्या टपावर पिस्टनची पेटी आणि खाली मी, असं चार वर्षं केल्यावर साहेबांनी फटफटी घ्यायला सांगितलं. नवीसाठी नंबर लावला तर माझ्या नातवाला मिळाली असती, म्हणून जुनी बघत होतो. लांब पल्ल्याची, दिवसाला शंभर मैल झोपेत काढणारी.

अंगणात दोन उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, सख्ख्या बहिणी. थोरली सदुसष्ट सालची डिलक्स. क्रोमची टाकी, टाकीला दोन्ही बाजूंनी गुडघे टेकायला रबरं, लांबलचक डबल सीट आणि हेडलाइटच्या डोक्यावर घड्याळासारखा मीटर. धाकटी बाहत्तरची, पण साधी. सगळी काळी, सायकलसारखं एकच खोगीर, मागं नुसता कॅरिअर. एकीकडं दागिने, दुसरीकडं वय. पोरगी बघायला गेल्यावर जी पंचाईत होते तीच.

“पाच वर्सानं नवी हाय ती काळी,” मी ओरडलो. करकंबच्या माणसाशी ओरडताना माझी जीभही करकंबची व्हायची.

“नवी हाय तर काय चाटायची हाय? ही बघ, ही! हिच्यावर बसून गावात शिरलास तर तलाठी उटून हुबा ऱ्हाईल!”

मालक बाजूला हाताची घडी घालून उभा होता. चाळिशीचा विणकर, घरची भाषा तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. बाकीचे विकणारे दहा गुण सांगतात, हा माणूस एक शब्द बोलत नव्हता. मामांनीच विचारलं, “दोन-दोन कशाला घेतल्या म्हणायच्या?”

“काळी माझी. क्रोमची धाकट्या भावाची.”

“मग भावाला बोलवा की!”

“वारला,” मालक म्हणाला. “श्रीपूरच्या अलीकडं. वळणावर उसाची गाडी पुढं होती.”

मागांचा आवाज मला त्या अंगणात तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला. मग मामांनी त्या क्रोमच्या टाकीत स्वतःचं तोंड एकदा पाहिलं, दोन पावलं मागं सरकले आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलले, “काळी घे. काळी बी लई चांगली हाय.”

भाव मालकानं ताणला नाही. एकच विचारलं, “रोज घरी कुठल्या रस्त्यानं जाता?”

“ह्याच गल्लीनं. जवळ पडते.”

“किती वाजता?”

“दिवे लागताना.”

त्यानं मान हलवली आणि चावी दिली. गिऱ्हाइकाला असं कुणी विचारतं का? पण काळी मिळाल्याच्या आनंदात मला त्याचं काही वाटलं नाही. कागद तपासायचं काम मामांकडं होतं. मामांचा चष्मा करकंबला राहिला होता, हे त्यांनी मला दोन महिन्यांनी सांगितलं.

काळी चालायला झकास होती. खोड एकच. फट फट फट करत निघाली की मधेच एक ठोका गिळायची. आवंढा गिळल्यासारखा. गावात कळायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बाभळी, वर ऊन, पुढं-मागं चिटपाखरू नाही, अशा वेळी तो गिळलेला ठोका छातीत लागायचा. मी पुढचा ठोका येईपर्यंत श्वास धरायचो. मागं बसायला सीट नव्हती, हे तर सांगितलंच आहे; तरी पंढरपूरच्या रस्त्यावर मला दोनदा मागं वजन वाटलं. एकदा थांबून पाहिलं. कॅरिअरवर माझीच पिस्टनची पेटी होती. बरं वाटलं. मग आठवलं, पेटी त्या दिवशी मी करकंबला उतरवून ठेवली होती. आता हे मी रंगवून सांगतोय असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पेटी घरी आणल्याचं बायकोलाही आठवतंय.

चालवण्यात मी भित्रा. वळण दिसलं की आधी गिअर उतरवणार, मग हॉर्न, मग ब्रेक. मामा एकदा मागं कॅरिअरवर टेकले होते, म्हणाले, “आरं, ही फटफटी हाय का वरातीचं घोडं?”

पेठेतल्या त्या गल्लीलाही एक वळण होतं आणि वळणावर, कारखान्याला लागूनच, मालकाचं घर. ओट्यावर त्याची म्हातारी आई चरख्यावर कांड्या भरत बसायची. मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात सुताची जी गुंडाळी बसते ती कांडी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सूत तुटलेलं बोटांना कळायचं आणि माग बिघडलेला कानांना. चोवीस मागांत एकाचा धोटा किंचित अडखळला तरी ती ओट्यावरून मागाचा नंबर ओरडायची, असं गल्ली सांगायची. मी स्वतः एकदा ऐकलं. ती “सतरा!” म्हणाली आणि आत सतरा नंबरवर सूत तुटलेलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी मी वळणावर गाडी हळू केली आणि तिचा चरखा थांबला. ती उठली, भिंत धरून रस्त्यात आली, टाकीवर हात ठेवला आणि म्हणाली, “वच्चिनवा, बिड्डा?”

सोलापुरात जन्म गेलेल्या माणसाला एवढं तेलुगू कळतं. आलास का, लेकरा?

मला वाटलं, म्हातारीची नजर गेलेली, थोरला, म्हणजे मालक, समजली असेल, गाडी त्याचीच. मी ‘हं’ म्हणालो आणि सटकलो. त्या एका ‘हं’नं माझा घात केला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ओट्यावर झाकलेली थाळी होती. आणि चौथ्या दिवशी तिनं हाक मारली ती नावानं. ते नाव थोरल्याचं नव्हतं.

माझ्या अंगावर असा काटा आला की शर्टाची बटणं तटातटा उडाली. दोन तर अजून सापडली नाहीत.

आणखी दोन संध्याकाळी तीच हाक ऐकली, आणि मग सकाळी गाडी फिटरकडं नेली. गुडघ्यावर बसून तो इंजिन कानानं ऐकत होता, मग बोटानं डाव्या बाजूचं झाकण दाखवलं. “पाच स्क्रू का होना था, साब. ये चार का है. सदुसष्ट का माल.” त्यानं काळ्या टाकीवर टिचकी मारली. “इसकू कपडे नवे पिनाए हैं. आदमी पुरानाच है.”

मी वर्षं मोजली, रंग पाहिला, क्रोमला नाही म्हटलं, आणि मेलेल्या माणसाचं इंजिन मांडीखाली घालून पाचशे मैल फिरलो होतो.

तडक कारखान्यात गेलो. मालकाला मागांमधल्या बोळात गाठलं आणि असा ओरडलो की मामांना अभिमान वाटला असता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी तोंड आणलं. त्या पेठेत खाजगी बोलायची तीच रीत.

“धाकटा गेल्यावर आईनं जेवण सोडलं. बारा दिवस पाणी तेवढं. एकदा मी त्याची गाडी सहज चालू केली, तर आतून म्हणाली, ताट वाढा. त्याची क्रोमची घेऊन फिरलो असतो तर गल्लीनं तोंडात शेण घातलं असतं. म्हणून इंजिन काढून माझ्या काळीत बसवलं. रोज दिवे लागताना तेवढी गल्ली फिरवायची. ती दोन घास खायची.”

“मग विकली कशाला?”

तो एका धोट्याकडं बघत बोलला. धोटा जात होता, येत होता.

“आवाज आला की खुशीत यायची. मग दारात मी दिसायचो. माझा आवाज ऐकला की तिचं तोंड उतरायचं. रोज. सहा महिने. मी पण तिचाच हाय की, साहेब.”

मी बोळातून अंगणात आलो, तो मागोमाग.

तोच म्हणाला, “चूक माझी. तुम्ही क्रोमची घेऊन जा. तिच्यात माझं इंजिन हाय, कसलीच भानगड न्हाई. वर काही देऊ नका. काळी इथं सोडा.”

म्हणजे पुन्हा त्याच अंगणात, त्याच दोन गाड्यांमध्ये मी उभा. आता डिलक्सच्या पोटात जिवंत माणसाचं इंजिन आणि साध्या काळीच्या पोटात ते. क्रोम उन्हात असं चमकत होतं की वरून जाणारी घार वाट चुकली. कुणीही शहाणा माणूस तिच्यावर बसून तिथून निघाला असता. पण काळी तिथं सोडली की संध्याकाळी गल्लीत आवाज येणार नव्हता. थोरला आता ती चालवणार नव्हता, हे त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं. आवाज नाही तर ताट नाही. आणि काळी ठेवली, तर मी जन्मभर दिवे लागताना दुसऱ्याचं भूत. चांगला जिवंत, बायको-पोरांचा, पिस्टन विकणारा माणूस, रोज पाच मिनिटं मेलेला.

“मी आधी आईंना खरं सांगतो,” मी म्हटलं. “मग कुठली न्यायची ते ठरवू.”

त्यानं माझा हात धरला. “सांगू नका. ती परत जेवण सोडेल.”

“आणि मला नावानं हाका मारते त्याचं काय? परवा रात्री... नाही, भर दुपारी, मी त्या नावाला ‘ओ’ दिली. बायकोसमोर!”

त्यानं हात सोडला.

संध्याकाळी गेलो ते ठरवून. वाटेतल्या प्रत्येक वळणावर मी नेहमीपेक्षा हळू केलं. पोचायचंच नव्हतं म्हणून. इंजिन नेहमीसारखं ठोके गिळत होतं. त्या दिवशी मीही त्याच्याबरोबर आवंढे गिळत होतो, आणि शेवटी शेवटी कोण कुणाचा ठोका गिळतोय हे कळेना. ओट्यापाशी गाडी उभी केली. चरखा थांबला. म्हातारी भिंत धरून आली नाही. थाळी पुढं सरकवून बसून राहिली. अंबाडीची भाजी, भाकरी. मी पहिल्यांदाच ओटा चढलो. दारात थोरला येऊन उभा राहिला, हाताला सुताचा भुगा तसाच.

म्हातारीनं मान वर केली. डोळे पांढुरके, माझ्या थोडं डाव्या अंगाला बघणारे. माझ्या शेजारी कुणी बसलंय आणि ती त्याच्याकडं बघतेय, असे. मी डावीकडं पाहिलं नाही. आजही पाहणार नाही.

मी छाती भरून घेतली. आत चोवीस माग, शेजारी अठरा, समोर छत्तीस. पेठेत बोलायचं तर पोटातून बोलायला हवं. तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली.

सगळी पेठ एका झटक्यात थांबली. तशी शांतता मी त्यानंतर कधी ऐकली नाही. धोटे मध्यावर थांबले असतील, माणसं हात वर धरून. आणि त्या शांततेत, पेठेतल्या सवयीनं, माझा आवाज मामांच्या तोडीचा सुटला:

“आई, मी तुमचा मुलगा नाही!”

चार गल्ल्यांनी ऐकलं. समोरच्या खिडक्यांत माणसं आली. पारावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. थोरल्यानं दाराची चौकट धरली. मी पाहिलं, त्याचे डोळे आईवर नव्हते, थाळीवर होते.

म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडला. भाजीला लावला. तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग माझ्यासाठी म्हणून तोडक्या मराठीत, जराही आवाज न चढवता म्हणाली,

“ठाऊक हाय. माझा पोरगा वळणावर कधी हळू करत नव्हता.”